नियत कोणाची?

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या बाईने इंग्लंडमधल्या कॅथेड्रलच्या संगीतावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आम्हालाही वाटते. आमचे बालपण कोकणात खाडीकाठी गेले, शिक्षण उर्दूतून झाले, आणि घरात संगीत म्हणाल तर रेडिओवरची कव्वाली आणि रबीउल अव्वलच्या महिन्यातले मिलाद, एवढेच. तेव्हा या विषयातले आम्ही जाणकार नाही. पण एक प्रश्न २०२२ पासून आमच्या मनात ठाण मांडून बसला आहे, आणि तो नेमका त्या परक्या संगीताच्या वाटेने आला. प्रश्न असा : ज्याचे मन साक्ष देत नाही त्याच्या तोंडून निघालेली दुआ ही दुआ असते का?

हे कसे घडले ते आधी सांगतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचा धाकटा भाऊ गेला. त्याचा चेहराही शेवटचा पाहता आला नाही. त्या वर्षी हे घराघरांत घडले, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. पुढे शाळा पुन्हा नीट भरू लागल्या तेव्हा रोज सकाळी मैदानात मुलांकडून दुआ म्हणवून घेण्याचे काम पूर्वीप्रमाणेच आमच्याकडे आले. इक्बालने १९०२ मध्ये मुलांसाठी लिहिलेली ती दुआ आपल्या उर्दू शाळांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाते. आम्ही पुढे उभे राहून सूर धरून देत होतो, दोनशे मुले मागून म्हणत होती, आणि आमच्या आत काहीही नव्हते. राग नव्हता, नकारही नव्हता. रिकाम्या घराची कडी कोणी वाजवावी तसे ते शब्द वाजत होते. मुले मात्र म्हणत, "टीचर, तुम्ही म्हणता तेव्हा दुआ छान वाटते." ते ऐकून लाज वाटे. मुनाफिक हा शब्द आपण इतरांना फार सहज लावतो. तो स्वतःला लावून पाहिला म्हणजे त्याचे वजन कळते.

त्याच मार्च महिन्यात आमच्या खालेच्या मुलाचा फोन आला. कोकणातली कितीतरी मुसलमान कुटुंबे आधी बोटीवरच्या नोकऱ्यांनिमित्त आणि मग कायमची विलायतेत गेली. त्यांतलेच हे एक. भाईजान ग्लॉस्टर शहरात टॅक्सी चालवतात. संध्याकाळी पाऊस लागला, गिऱ्हाईक यायला अवकाश होता, म्हणून ते समोरच्या कॅथेड्रलमध्ये शिरले. साडेपाचची सायंप्रार्थना चालू होती. ती ऐकायला तिकीट लागत नाही. ऐकणारी माणसे मोजून सात-आठ, तीही बहुतेक म्हातारी. आणि समोर लांब झगे घातलेली मुले आणि मोठी माणसे दोन रांगांत समोरासमोर उभी राहून अशी गात होती की जणू सारा देश ऐकायला आला आहे. भाईजानांनी आम्हाला एवढेच विचारले, "कोणी नसताना हे लोक गातात कोणासाठी?" मग हातात दिलेल्या कागदावरचे नाव त्यांनी वाचून दाखवले : हॉवेल्स, ग्लॉस्टर सर्व्हिस.

प्रार्थना संपता संपता मगरिबची वेळ झाली होती, असेही ते म्हणाले. बाहेर येऊन गाडीतच नमाज पढले.

आम्ही ते नाव इंटरनेटवर शोधले आणि ऐकले. पहिल्यांदा काही कळले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकले. मग वाचत गेलो. जे समजले ते आपल्या वाचकांसाठी थोडक्यात मांडतो, कारण हे वातावरण आपल्या ओळखीचे नाही.

इंग्लंडच्या चर्चने १५४९ मध्ये आपली पहिली इंग्रजी प्रार्थनापोथी काढली तेव्हा जुन्या मठांतल्या संध्याकाळच्या आणि रात्रीच्या प्रार्थना एकत्र करून एक सायंप्रार्थना बांधली. तिला तिकडे इव्हनसाँग म्हणतात. मोठ्या कॅथेड्रलांत ती आठवड्यातले बहुतेक दिवस गायली जाते, माणसे असोत वा नसोत. त्यात जबूरमधली स्तोत्रे असतात. हजरत दाऊदशी जोडलेला तोच ग्रंथ. (जबूर जशी उतरली तशीच आज कोणाकडे आहे का, हा मुद्दा वेगळा.) आणि रोज न चुकता दोन गाणी असतात. एक शिमोन नावाच्या म्हाताऱ्याचे. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते बाळ हातात आल्यावर तो म्हणतो की आता मला सुखाने जाऊ दे. आणि त्याच्या आधीचे गाणे हजरत मरियमचे, जेव्हा त्या आई होणार असल्याची खबर त्यांना मिळालेली असते. अल्लाहने मला, एका साध्या दासीला, थोर केले. तो बलाढ्यांना सिंहासनावरून खाली खेचतो आणि भुकेल्यांचे पोट भरतो, असा त्याचा आशय आहे. आपल्या कुराण शरीफात मरियमची कथा किती हळुवार आहे ते आपण जाणता. पण एक फरक आम्हाला थबकवून गेला. आपल्याकडे प्रसूतीनंतर मरियमना मौनाचा रोजा धरण्याचा हुकूम आहे आणि पाळण्यातले बाळ बोलते. त्यांच्याकडे बाळ जन्मण्याआधीच मरियम गातात.

हे एकच गाणे, मरियमचे, गेल्या साडेचारशेहून अधिक वर्षांत किती संगीतकारांनी बांधले असेल याला गणती नाही. शब्द तेच, चाल प्रत्येकाची निराळी. हर्बर्ट हॉवेल्स यांनी तर ते वेगवेगळ्या कॅथेड्रलांसाठी वेगवेगळे बांधले. ग्लॉस्टरसाठी १९४६ मध्ये, लंडनच्या सेंट पॉल्ससाठी १९५१ मध्ये, आणि इतरही बऱ्याच ठिकाणांसाठी. पहिल्यांदा आम्हाला हा पैशांचा मामला वाटला. तसे नाही. प्रत्येक इमारतीचा आवाज निराळा असतो. सेंट पॉल्सच्या त्या प्रचंड घुमटाखाली एक सूर सोडला तर तो विरायला आठ-दहा सेकंद लागतात. म्हणजे पुढचा सूर येतो तेव्हा मागचा अजून हवेत असतो. घाईने सूर बदलले तर सगळ्याचा चिखल होतो. म्हणून सेंट पॉल्ससाठी लिहिताना हॉवेल्सनी सुरांचे बदल मुद्दाम संथ ठेवले. तो घुमटच जणू त्यांच्या वृंदातला एक गायक. आपल्या मशिदींच्या घुमटाखाली किराअत ऐकताना शेवटचा शब्द जसा थोडा वेळ रेंगाळतो, तो अनुभव ज्याला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

ऑर्गनविषयीही एक शब्द. मराठी माणसाला ऑर्गन म्हणजे बालगंधर्वांच्या काळच्या संगीत नाटकातला, पायाने भाता मारून वाजवायचा. कॅथेड्रलचा ऑर्गन त्याचा चुलत आजोबा म्हणावा लागेल. बोटाएवढ्या नळीपासून झाडाच्या बुंध्याएवढ्या नळीपर्यंत शेकडो, कधी हजारो नळ्या, आणि त्यांतून सोडलेला वारा. त्याचा सर्वांत खालचा सूर कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येतो, असे भाईजान म्हणाले. मोबाईलवर तो आम्हाला कधीच ऐकू आला नाही.

आता हॉवेल्स यांच्याविषयी. कारण आमचा प्रश्न इथून सुरू होतो.

त्यांचा जन्म १८९२ चा, ग्लॉस्टरशायरमधल्या लिडनी या लहान गावचा. वडील बांधकामाचा धंदा करीत आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. धंदा बुडाला, दिवाळे निघाले. लहान गावात दिवाळखोराच्या मुलाकडे लोक कसे पाहतात ते वेगळे सांगायला नको. पुढे मुलगा ग्लॉस्टर कॅथेड्रलच्या ऑर्गनवादकाकडे शिकायला राहिला. ऐन तारुण्यात, १९१५ मध्ये, असा आजार निघाला की डॉक्टरांनी सहा महिन्यांची मुदत सांगितली. रेडियमचा उपचार तेव्हा नवा होता. तो करून पाहिला, आणि हा माणूस नव्वद वर्षे जगला. १९८३ मध्ये वारला.

पण १९३५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा मुलगा मायकेल अवघ्या तीन दिवसांच्या आजारात गेला. नऊ वर्षांचा होता. पोलिओ. नंतरच्या तीन वर्षांत हॉवेल्सनी त्याच्यासाठी एक मोठी रचना लिहिली, 'हिम्नस पॅराडायसी', म्हणजे स्वर्गाचे स्तोत्र. लिहिली आणि ठेवून दिली. कोणाला दाखवली नाही. ती खाजगी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बारा वर्षांनी मित्रांच्या आग्रहामुळे ती बाहेर आली. ७ सप्टेंबर १९५० रोजी, मायकेलच्या मृत्यूला पंधरा वर्षे होऊन एक दिवस उलटला होता, तेव्हा ग्लॉस्टर कॅथेड्रलमध्ये ती पहिल्यांदा गायली गेली, आणि गायकवृंदापुढे स्वतः हॉवेल्स उभे होते. मायकेलची कबर तिथून जवळच, ट्विगवर्थ गावात आहे.

एवढे वाचल्यावर वाटेल की हा मोठा ईमानवाला माणूस असला पाहिजे. उभे आयुष्य कॅथेड्रलांसाठी लिहिले, मुलाच्या नावाने स्वर्गाचे स्तोत्र लिहिले. पण त्यांना जवळून ओळखणारे आणि त्यांचे चरित्र अभ्यासणारे निराळेच सांगतात. हॉवेल्सना त्या इमारती प्रिय होत्या, ते शब्द प्रिय होते, ती परंपरा प्रिय होती. मृत्यूनंतर काही आहे यावर मात्र त्यांचा ठाम भरवसा नव्हता. त्यांचे ज्येष्ठ मित्र राल्फ व्हॉन विल्यम्स यांचे तर याहून उघड होते. तरुणपणी नास्तिक, पुढे अज्ञेयवादी, आणि इंग्रजी चर्चच्या भजनपोथीचे संगीत-संपादक हेच!

हे वाचले त्या रात्री झोप आली नाही. आमची अवस्था कोणीतरी आपल्या आधी जगून गेले होते, आणि तीही नुसती मैदानात दोनशे मुलांपुढे नव्हे.

आपल्या धर्मात नियतीला किती महत्त्व आहे ते सांगणे नको. कर्मांचे मोल नियतीवर ठरते, ही हदीस मदरशात पहिल्यांदा शिकवतात त्यांतली. मग प्रश्न असा की ग्लॉस्टरच्या त्या संध्याकाळी जे गायले गेले त्यात नियत कोणाची धरायची? लिहिणारा तर केव्हाच गेला आणि त्याला खात्री नव्हती. गाणाऱ्या मुलांचे वय आठ ते तेरा. त्यांच्या मनात त्या वेळी फुटबॉल असेल, जेवण असेल, उद्याची परीक्षा असेल. मोठे गायक पगारी आहेत. ऐकणारे सात-आठ, त्यांत एक आमचे भाईजान, ज्यांची किब्ल्याची दिशाच वेगळी. सगळ्यांची नियत एका पारड्यात घातली तर काय भरेल?

आमच्या नात्यातल्या एका मौलानांपुढे आम्ही हा प्रश्न ठेवला. त्यांनी आधी विचारले की हे ऐकायची तुम्हाला गरजच काय पडली. ते योग्यच होते. मग म्हणाले, "ईमान नसेल तर इबादत नाही. मामला संपला." फिकहच्या दृष्टीने ते बरोबर आहेत आणि आम्ही वाद घातला नाही. कबूल-नाकबूल ठरवणारे आम्ही कोण? पण आमचा प्रश्न कबुलीचा नव्हता. खोटेपणाचा होता. तो माणूस खोटे बोलत होता का?

संगीताविषयीची ही शंका फक्त आपल्याकडचीच आहे, असा एक गैरसमज असतो. ख्रिस्ती जगात सेंट ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी याच काळजीत होता : गाण्यातल्या शब्दांपेक्षा गळ्यानेच मन हलले तर ते पाप, असे त्याने स्वतःविषयी कबूल केले आहे. इंग्लंडमध्ये तर १६४४ मध्ये पार्लमेंटने हुकूम काढून चर्चमधले ऑर्गन काढून टाकायला लावले. कॅथेड्रलांतले गायन थांबले ते थेट १६६० मध्ये राजा परत आल्यावर सुरू झाले. म्हणजे समाच्या वादात जे जे आपल्याकडे बोलले गेले ते सगळे तिकडेही बोलले गेले, आणि तिकडे हातोडेही चालले. आपल्या इमाम गझालींनी 'इहया'मध्ये समाविषयी जे प्रकरण लिहिले त्यात एक विचार येतो, आणि तो आम्हाला फार उपयोगी पडला. संगीत मनात नसलेले काही घालत नाही. मनात जे असते त्यालाच ते हलवते. आणि कंठाविषयी म्हणाल तर हजरत अबू मूसा अशअरींचे पठण ऐकून खुद्द पैगंबर साहेबांनी (स.) म्हटले होते की यांना दाऊदच्या घराण्याचा सूर मिळाला आहे. हे ऐकूनही ज्यांना सूर म्हणजे शैतान वाटतो त्यांच्याशी आम्ही काय बोलावे?

असो. विषय नियतीचा आहे.

हॉवेल्सच्या आधी साडेतीनशे वर्षे विल्यम बर्ड नावाचा संगीतकार होऊन गेला. त्याची गोष्ट याच्या नेमकी उलट. १५६३ मध्ये, विशीच्या आसपास, तो लिंकन कॅथेड्रलचा ऑर्गनवादक झाला. तिथे १५६९ मध्ये त्याचा पगार काही काळ रोखला गेला. पुढच्या वर्षी ऑर्गनवादकाने प्रार्थनेत किती वाजवावे यावर मर्यादा घातल्या गेल्या, त्यावरून अभ्यासक म्हणतात की त्याचे वादन तिथल्या धर्ममंडळाला फार नटवे वाटले असावे. १५७२ मध्ये तो राणी एलिझाबेथच्या दरबारी गायकवृंदात गेला, तरी लिंकनने त्याला थोडा पगार चालू ठेवला, या अटीवर की त्याने गाणी लिहून पाठवत राहावे. पगार रोखणारे आणि पगार चालू ठेवणारे धर्ममंडळ एकच! नोकरीपेशातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

पण बर्ड मनाने कॅथलिक होता, आणि तो काळ असा की सरकारी चर्चला न जाणाऱ्या कॅथलिकाला दंड होई, त्यांच्या पाद्र्यांना फाशी होई. बर्डच्या घरावरही खटले आणि दंड आले. तो दिवसा राणीच्या चर्चसाठी लिही, आणि आपल्या लोकांच्या चोरून चालणाऱ्या प्रार्थनांसाठीही लिही. त्या रचना छापल्या त्या मुखपृष्ठाशिवाय. त्याचा ईमान पक्का होता, पण ज्या उपासनेसाठी तो लिहीत होता ती त्याची नव्हती. इंग्रजी चर्च आज चारशे वर्षांनंतरही बर्डचे संगीत गाते. त्याची नियत तपासायची ठरवली तर त्यांना अर्धी वही फाडून टाकावी लागेल.

आणि तिसरे उदाहरण तर आपल्या आईवडिलांच्या काळातले. चिचेस्टर कॅथेड्रलचे डीन वॉल्टर हसी यांनी १९६५ च्या उत्सवासाठी रचना मागवली ती न्यूयॉर्कच्या लिओनार्ड बर्नस्टाइनकडून. हा यहुदी. याच्या 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीत नाटकाचे नाव तेव्हा जगभर गाजत होते. डीनसाहेबांनी लिहून कळवले की त्या नाटकाची थोडी झाक आली तरी आमची हरकत नाही. बर्नस्टाइनने जबूरमधली स्तोत्रे घेतली आणि ती इंग्रजीत नव्हे, मूळ हिब्रूत ठेवली. इंग्रजी कॅथेड्रलमध्ये इंग्रज मुलांनी हिब्रूत गायचे! मधल्या भागात एक मुलगा एकट्याने, हार्पच्या साथीवर, परमेश्वराला मेंढपाळ म्हणणारे ते स्तोत्र गातो. आणि तो शांतपणे गात असतानाच पुरुषांचे आवाज मध्ये घुसतात, कौमा का खवळल्या आहेत असे विचारत. त्या आवाजांचे संगीत मूळचे त्याच नाटकासाठी लिहिलेले होते, रस्त्यावरच्या टोळ्यांच्या मारामारीचे गाणे, जे नाटकातून गळले. मारामारीसाठी लिहिलेला सूर स्तोत्रात गेला. मग त्या सुराची नियत कोणती? लिहिली तेव्हाची, की गायली तेव्हाची?

आपल्याकडे अशा वेळी 'बैजू बावरा'मधल्या भजनाचा दाखला देण्याची पद्धत आहे, की लिहिणारे शकील, चाल नौशादची आणि गळा रफींचा. तो दाखला खरा आहे, पण एकात्मतेच्या भाषणांत वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की त्याच्या आत काय आहे हे कोणी पाहत नाही. रफी ते गात होते तेव्हा त्यांच्या मनात काय होते? आणि ते आपल्याला कळायलाच हवे असा हट्ट का? शेख महंमद श्रीगोंदेकरांनी मराठीत जे लिहिले त्यावरही दोन्हीकडच्यांनी हाच हट्ट धरला, की आधी सांगा तुम्ही कोणाचे.

विचार करता करता आम्हाला एक फरक दिसू लागला, आणि तो आपल्याच फिकहने करून ठेवला आहे. नमाजसाठी नियत लागते. नियत म्हणजे ठरवणे, मी आता हे करतो आहे. खुशू ही त्याहून वेगळी गोष्ट : मनाचे भरून येणे, झुकणे. खुशू नसेल तर नमाजचा सवाब घटतो, पण बहुतेक उलेमांच्या मते फर्ज अदा होतो. कारण खुशू आपल्या हातात नाही. कधी येते, कधी वर्षानुवर्षे येत नाही. उभे राहणे आपल्या हातात आहे. आम्ही स्वतःला मुनाफिक म्हणत होतो ते खुशू नव्हते म्हणून. आणि रियाचे काय? रिया म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी केलेली इबादत, ती तर खरी घातक. त्या कसोटीवर हॉवेल्सना लावून पाहिले. ज्याने आपल्या मुलाच्या नावाची दुआ बारा वर्षे कोणाला ऐकू दिली नाही, त्याच्यावर आणखी कोणताही आरोप करा, रियाचा करता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे कारागिरीचे समर्थन झाले. उत्तम सुतार कोणत्याही धर्माचा मिंबर उत्तमच करील, म्हणून काय तो नमाजी झाला? नाही झाला. आम्हीही तसे म्हणत नाही. पण मिंबर खोटा होत नाही. सुताराने लाकूड चोरले, सांधे भरून लपवले, तर तो खोटा. हॉवेल्सनी सांधे लपवले नाहीत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी मरियमचे गाणे बांधताना त्यांनी एक गोष्ट मनाशी ठरवली होती, ती आम्हाला फार मोलाची वाटते. बलाढ्यांना खाली खेचण्याच्या ओळी आल्या की संगीतकार साधारणपणे ढोल-ताशांचा आव आणतात. हॉवेल्स म्हणाले, हे एका स्त्रीचे गाणे आहे. बलाढ्य खाली येतील, पण दांडगाईने नाही. ज्याला मरियमविषयी काही वाटत नाही तो माणूस इतका बारीक विचार कशासाठी करील? श्रद्धा म्हणतात ती हीच का, हे आम्हाला सांगता येणार नाही. आदर तर आहेच, आणि आदर ही लहान गोष्ट नाही.

(आणि गंमत पाहा. हे स्त्रीचे गाणे कॅथेड्रलांतून शेकडो वर्षे गायले ते फक्त मुलग्यांनी आणि पुरुषांनी. सॉल्झबरीने १९९१ मध्ये मुलींचा वेगळा वृंद सुरू केला तेव्हा केवढी चर्चा झाली. सेंट पॉल्सच्या मुलींना २०२४ पर्यंत थांबावे लागले. नातच्या स्पर्धेत मोठ्या मुलींना माइक द्यावा की नाही यावर आमच्याकडे जी बैठक झाली होती ती आठवली. तिचा तपशील इथे नको.)

एक गोष्ट मात्र अजून खुपते. संगीतकार गेला, त्याचा संशय त्याच्याबरोबर गेला, आणि मागे जे उरले ते सगळ्यांचे झाले, वक्फसारखे. विहीर खोदणाऱ्याला तहान होती की नव्हती हे पाणी पिणारा विचारत नाही. हे मेलेल्या माणसाबाबत ठीक आहे. जो जिवंत आहे, ज्याला उद्या सकाळी पुन्हा उभे राहायचे आहे, त्याने काय करावे? विहिरीची उपमा त्याला पुरत नाही. त्याला स्वतःलाही तहान लागलेली असते.

आमच्यापुरते म्हणाल तर दुआ म्हणवून घेणे आम्ही सोडले नाही. मधल्या काळात एक-दोनदा हेडमास्तरांना सांगून ते काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे असे मनात आले होते. सातवा वेतन आयोग दुआ म्हणण्याचे वेगळे पैसे देत नाही, त्यामुळे कोणाची तक्रार झाली नसती. पण भाईजानांचा तो प्रश्न आठवे, की कोणी नसताना हे लोक गातात कोणासाठी, आणि आम्ही सकाळी मैदानात जात राहिलो. काही दिवशी आत काहीतरी हलते. बऱ्याच दिवशी हलत नाही.

गेल्या पावसाळ्यात पाचवीच्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा वारले. चाळिशीही झाली नव्हती. आठवड्याने तो शाळेत आला आणि रांगेत उभा राहिला, पण दुआ सुरू झाली तरी त्याचे तोंड बंदच. आम्ही पाहिले, बोललो नाही. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी घंटा व्हायच्या आधी तो स्वतःच आमच्याजवळ आला. चप्पल चिखलाने भरलेली, दप्तर पोटाशी धरलेले.

"टीचर," तो म्हणाला, "मला म्हणवत नाही. नुसते ओठ हलवले तर चालेल?"

आम्ही म्हणालो, "चालेल."